अत्याचारानंतर: स्वतः सावरताना आणि दुसरीला सोबत करताना

हा लेख दोघींसाठी आहे. एकीवर लैंगिक अत्याचार झाला आहे, काल झालेला असो की वीस वर्षांपूर्वी. दुसरीला कुणीतरी विश्वासाने हे सांगितलं आहे आणि आता काय करावं ते तिला सुचत नाही. पुष्कळदा या दोघी म्हणजे एकच बाई असते. तिने स्वतः हे सोसलेलं असतं आणि आता तिच्याकडे मैत्रीण, भाची किंवा विद्यार्थिनी येऊन बोलू लागते. पुरुषांवर, मुलग्यांवर आणि तृतीयपंथी व्यक्तींवरही अत्याचार होतात. त्यांच्यासाठी कायद्याचा भाग पुढे वेगळा दिला आहे, बाकीचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं.

सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. आत्ता जे हवं तेवढं वाचा, उरलेलं नंतर.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अत्याचारात बाईच्या हातून तिच्या शरीराचा निर्णय हिसकावून घेतलेला असतो. त्यानंतरचं प्रत्येक पाऊल तिला विचारूनच पडायला हवं: गोळी घेणं, तक्रार देणं, आईला सांगणं, अगदी खोलीतला दिवा लावणंसुद्धा. घरचे, डॉक्टर, पोलीस, कार्यकर्ते सगळे चांगल्या हेतूने तिच्या वतीने ठरवायला लागतात आणि ती पुन्हा एकदा बाजूला पडते. ही इजा टाळता येते.

पहिले काही तास

आधी सुरक्षित जागा. अत्याचार करणारा घरातला, शेजारचा किंवा कामावरचा असेल तर तिथून निघा. मावशीकडे, मैत्रिणीकडे, जिथे दाराला आतून कडी लावून बसता येईल तिथे जा. तशी जागा नसेल तर 112 वर पोलीस आणि 181 वर महिला हेल्पलाइन आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारचं ‘सखी वन स्टॉप सेंटर’ असतं. तिथे थोडे दिवस राहण्याची सोय, समुपदेशन, वकिलाचा सल्ला आणि पोलिसांपर्यंत पोचायला मदत मिळते.

एका विश्वासाच्या माणसाला सांगा. एक पुरे. सगळ्या घराला आत्ताच सांगायला हवं असं नाही.

आंघोळ करावी, अंग घासघासून धुवावं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. जमलं तर तपासणी होईपर्यंत थांबा. आंघोळ झाली असेल, कपडे बदलले असतील, तरी दवाखान्यात जा. ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका. त्या वेळचे कपडे धुऊ नका. ओलसर असतील तर सावलीत वाळवा आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत किंवा कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि पुरावा खराब होतो. मोबाइलमधले मेसेज, कॉलची नोंद, फोटो पुसून टाकावेसे वाटतील. पुसू नका. त्यांचे स्क्रीनशॉट त्या एका विश्वासाच्या माणसाकडे पाठवून ठेवा, म्हणजे ते तुमच्या डोळ्यांसमोर राहणार नाहीत आणि जाणारही नाहीत.

पिण्यात काही मिसळलं होतं असा संशय असेल तर डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा. अशा औषधांचे अंश रक्तातून आणि लघवीतून फार लवकर निघून जातात, त्यामुळे नमुना जितका लवकर घेतला जाईल तितका बरा.

दवाखान्यात

इथे वेळेला महत्त्व आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने बलात्काराच्या घटनेत ताबडतोब आणि मोफत उपचार दिले पाहिजेत, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 397 सांगतं. नाकारणं हा गुन्हा आहे. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा, एफआयआर नसली तरी उपचार आणि तपासणी दोन्ही करावं लागतं. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं हे खरं, पण पोलीस आले म्हणून तुम्ही त्याच क्षणी फिर्याद दिलीच पाहिजे असं नाही. आत्ता तक्रार द्यायची नसेल तर तसा नकार केस पेपरवर लिहून घेता येतो. उपचार त्यामुळे थांबत नाहीत.

तपासणीत काय काय होतं हे आधी ठाऊक असलेलं बरं. डॉक्टर आधी संमतीचा फॉर्म समजावून सांगतात. उपचार, तपासणी आणि पुरावा गोळा करणं या तिन्हींना वेगवेगळी संमती देता येते आणि नाकारताही येते. मग काय घडलं ते विचारतात. जमिनीवर मोठा कागद अंथरलेला असतो, त्यावर उभं राहून एकेक कपडा उतरवायचा, म्हणजे कपड्यांवरून काही पडलं तर ते कागदात राहतं. नखांच्या कडा, केस, कापसाच्या काडीने घेतलेले नमुने, रक्त, लघवी अशी प्रत्येक गोष्ट वेगळ्या पाकिटात जाते, त्यावर नाव-वेळ लिहून सील लागतं. मध्येच ‘थांबा’ म्हणता येतं. पाणी मागता येतं. सोबत विश्वासाची बाई ठेवता येते. मी ज्यांच्यासोबत गेले त्यांतल्या अनेकींना सगळ्यात जास्त आधार वाटला तो ‘आता मी हे करणार आहे, चालेल का?’ असं प्रत्येक वेळी विचारणाऱ्या डॉक्टरचा. डॉक्टर विचारत नसतील तर सोबतच्या बाईने नम्रपणे सांगावं, ‘डॉक्टर, आधी तिला सांगून करता का?’

‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटं घालून बाईला लैंगिक संबंधांची ‘सवय’ आहे का ते ठरवणारी चाचणी, करू नये असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर 2022 मध्ये ती चुकीची ठरवली, ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी असेल असंही म्हटलं. या चाचणीविरुद्ध आवाज उठवण्यात वर्ध्याच्या सेवाग्राम वैद्यकीय महाविद्यालयातल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांचा मोठा वाटा आहे.

शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत मिळू शकतात. त्यानंतरही जखमांची नोंद आणि उपचार होतातच. दवाखान्यातून निघण्याआधी या गोष्टी विचारून घ्या:

- गर्भ राहू नये म्हणून गोळी. 72 तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी परिणामकारक. पाच दिवसांपर्यंत देतात, पण परिणाम कमी होत जातो. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हाही उपाय आहे.
- एचआयव्हीपासून बचावाची औषधं. 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची. सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. मळमळ होते म्हणून मध्येच सोडू नका, डॉक्टरांना सांगा.
- गुप्तरोगांवरची औषधं, हेपटायटिस बीची लस, जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन.
- पुन्हा तपासणीच्या तारखा. गर्भधारणेची चाचणी साधारण तीन आठवड्यांनी, एचआयव्हीची पुन्हा सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी.
- तपासणी अहवालाची प्रत. ती मोफत मिळते.

गर्भ राहिला तर अत्याचारपीडित स्त्रीला 24 आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करून घेता येतो, ही मुदत 2021 च्या दुरुस्तीने वाढली. अठरा वर्षांवरच्या बाईला नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागत नाही. केस चालू असेल तर डीएनए तपासणीसाठी नमुना राखून ठेवायला डॉक्टरांना आधीच सांगा.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. हिंसा झालेल्या बाईला दवाखान्यातच समुपदेशक भेटावी, तिला वेगळ्या ऑफिसात हेलपाटे घालायला लागू नयेत, ही त्यामागची कल्पना. पुढे ती इतर रुग्णालयांतही गेली. तुमच्या रुग्णालयात असं काही आहे का, हे केस पेपर काढतानाच विचारा.

पोलीस ठाण्यात, जायचं ठरवलं तर

तक्रार द्यायची की नाही हा सज्ञान बाईचा स्वतःचा निर्णय आहे. आज नाही म्हटलं तर पुढे देता येते. बलात्काराच्या तक्रारीला कालमर्यादा नाही. उशीर का झाला याचं कारण जबाबात नीट लिहून घ्यावं, इतकंच.

घटना कुठेही घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येते. जबाब महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि तो घरी किंवा तुम्हाला सोयीच्या जागी घेता येतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात दाद लागली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते, तिथेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. अशा गुन्ह्याची नोंद नाकारणाऱ्या सरकारी नोकराला भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 नुसार सहा महिने ते दोन वर्षांची शिक्षा आहे. ही माहिती धमकीच्या सुरात न देताही बहुतेक वेळा कामाला येते. सोबत जाणाऱ्याने कलमांचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून न्यावेत.

जबाब वाचून दाखवायला सांगा. जे बोललात तेच लिहिलंय का ते पाहा आणि मगच सही करा. ‘आठवत नाही’ हे उत्तर चालतं. आठवत नसलेलं भरून काढण्याच्या भरात अंदाजाने सांगितलेली वेळ पुढे उलटतपासणीत त्रास देते.

वकिलाच्या फीची काळजी नको. बाईला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. महाराष्ट्रात 2013 पासून ‘मनोधैर्य’ योजनेतून आर्थिक मदत मिळते, तिचा अर्जही तिथेच. निकाल लागायच्या आधी अंतरिम मदत मागता येते. पोलिसांच्या आवारातच बसणारा, पण समाजकार्यकर्त्या चालवतात असा महिला व मुलांसाठीचा ‘विशेष कक्ष’ टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केला आणि आज राज्यात अनेक जिल्ह्यांत तो आहे. ठाण्यात एकटं जायचं धाडस होत नसेल तर आधी तिथे जा.

पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम 72. वर्तमानपत्राइतकंच गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपलाही ते लागू आहे. फोटो किंवा व्हिडिओ पसरवला जात असेल तर 1930 वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार करा.

दोन अवघड बाबी थोडक्यात. नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या कायद्यात अजून बलात्कार ठरत नाही, अपवाद पत्नी अठराच्या आत असेल किंवा दोघं विभक्त राहत असतील तर. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो, त्याखाली संरक्षण, घरात राहण्याचा हक्क आणि नुकसानभरपाई मागता येते. आणि कामाच्या ठिकाणी छळ झाला असेल तर अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करायची असते, सबळ कारण असल्यास मुदत आणखी तीन महिने वाढते.

‘मी ओरडले का नाही?’

हा प्रश्न मी ऐकला नाही अशी क्वचितच कुणी भेटली. रात्री दोन वाजता, महिन्यांनी, वर्षांनीही तो येतो.

धोका जिवावर आला की शरीर आपल्याला विचारत नाही. कधी ते लढतं, कधी पळतं आणि कधी जागच्या जागी थिजतं. हात उचलत नाहीत, घशातून आवाज फुटत नाही, आपण लांबून कुठून तरी हे पाहतोय असं वाटतं. हे भित्रेपण नाही आणि संमती तर अजिबात नाही. जीव वाचवायला शरीराने तेवढ्या क्षणात केलेली ती धडपड आहे. आठवणी तुकड्यातुकड्यांनी येतात तेही याचमुळे: भिंतीचा रंग लख्ख आठवतो, पण आधी काय झालं नि नंतर काय, याचा क्रम लागत नाही.

हे समजायला आपल्या न्यायव्यवस्थेला फार उशीर लागला. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हा त्यातला महत्त्वाचा आधार. त्यावर 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, महिला संघटना रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. आज न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिने संमती दिली असं धरता येत नाही. तुम्हाला रात्री छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देशाच्या कायद्याने दिलेलं आहे. लिहून उशाशी ठेवायला हरकत नाही.

पहिले आठवडे

झोप उडते किंवा सारखी झोप येते. भूक मरते. दचकायला होतं. कधी काहीच वाटत नाही, आणि त्या ‘काहीच न वाटण्याचीच’ भीती वाटते. हे सगळं पहिल्या दिवसांत येतंच. बऱ्याच जणींना पहिल्या दोन-तीन महिन्यांत हळूहळू उतार पडतो.

दिवसाला थोडा आकार द्या. उठायची वेळ एक ठेवा, रात्र जागून काढली तरी. दोन घास ठरल्या वेळी, भूक नसली तर पेज, ताक, मऊ भात. रोज थोडं उजेडात चालणं. दिवा लावून झोपायचं असेल तर खुशाल झोपा. रात्री झोप येत नाही म्हणून दुकानातून गोळ्या आणू नका. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते आणि मनावरचा आघात भरून यायला त्यांची मदत होत नाही.

अचानक सगळं पुन्हा घडतंय असं वाटलं तर आत्ताच्या जागेला धरून ठेवायचा एक उपाय आहे. दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घ्या, स्पर्श होणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. मोठ्याने घेतलीत तर जास्त बरं. ओळखीची एक बाई आहे, तिला गुटख्याचा वास आला की अंगाला कापरं भरायचं, आणि रोजचा प्रवास एसटीचा. ती पर्समध्ये लिंबू ठेवायला लागली. वास आला की नखाने साल खरवडायची, हुंगायची आणि खिडकीबाहेरच्या पाट्या वाचायची: शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर. बाजाराच्या दिवशी नवं लिंबू. आजही ठेवते. तुमचं काय असेल ते तुम्ही शोधा: थंड पाण्याची बाटली, कापराची वडी, एखाद्या नातलगाचा हातरुमाल.

महिना उलटूनही भयानक स्वप्नं, टाळाटाळ, सततची धास्ती कमी होत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाची किंवा आघातावर काम केलेल्या समुपदेशकाची मदत घ्या. सिव्हिल हॉस्पिटलात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतो. टेलि-मानस, 14416, या सरकारी हेल्पलाइनवर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. आघातकेंद्री सीबीटी (आघातातून आलेल्या विचारांवर आणि वागण्यावर काम करणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी) या उपचारपद्धतींचा चांगला उपयोग होतो, तेव्हा समुपदेशकाला त्यांचा अनुभव आहे का ते विचारा. पहिल्याच भेटीत ‘सगळं सांगून मोकळी हो’ असा आग्रह धरणारा माणूस असेल तर दुसरा शोधा. घटनेनंतर लगेच सगळं वदवून घेण्याच्या पद्धतीविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे.

मरावंसं वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर आजच, आत्ताच कुणाला तरी सांगा, 14416 किंवा 112 वर फोन करा. तो विचार कितीही खरा वाटला तरी तो दुखण्याचा भाग आहे आणि ते दुखणं बरं होतं.

पुढचे महिने

बरं होणं सरळ रेषेत होत नाही. आठ दिवस चांगले जातात आणि एखाद्या लग्नात कुणीतरी पाठीवर हात ठेवतो, की सगळं परत. घटनेची तारीख जवळ आली की अंग जड होतं. कोर्टाची तारीख आली की झोप जाते, आणि तारीख पुढे ढकलली की आणखीच. अशा दिवसांची आधीच तयारी ठेवा: रजा, सोबत, त्या रात्री कुणाकडे जेवायचं ते. सुनावणी बंद दालनात होते आणि पूर्वीच्या लैंगिक संबंधांवरून चारित्र्य काढता येत नाही, हे सरकारी वकिलांकडून आधी समजून घ्या. साक्षीआधी तुमचा जबाब वाचायला मागा. जमलं तर रिकामं कोर्ट एकदा आत जाऊन पाहून या, साक्षीदाराचा पिंजरा कुठे, आरोपी कुठे बसेल, पाणी कुठे मिळेल.

नवरा किंवा जोडीदार असेल तर जवळिकीचा प्रश्न येतोच. नको वाटणं स्वाभाविक आहे, हवंसं वाटणंही स्वाभाविक आहे. सुरुवात कुठून करायची, हात धरण्यापासून की नुसतं शेजारी बसण्यापासून, ते जिच्यावर गुदरलं तिने ठरवावं. आणि जोडीदाराने एक पक्कं धरावं: ती थांब म्हणाली की थांबायचं, तोंड पाडायचं नाही.

जवळच्यांनी काय करावं

तिने सांगितलं की तीन वाक्यं पुरतात. ‘माझा विश्वास आहे तुझ्यावर.’ ‘यात तुझी चूक नाही.’ ‘आत्ता तुला काय हवंय?’ मग गप्प बसून ऐका. मिठी मारण्याआधी विचारा.

‘तिथे गेलीसच कशाला’, ‘तेव्हाच का नाही सांगितलंस’, ‘आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस’ ही वाक्यं आयुष्यभर टोचत राहतात. भाऊ आणि वडील पुष्कळदा ‘त्याला सोडणार नाही’ म्हणून पेटून उठतात. राग समजतो, पण मग त्या मुलीला स्वतःचं दुःख बाजूला ठेवून भावाला शांत करत बसावं लागतं. राग बाहेर मित्राकडे काढा आणि तिच्याजवळ येताना पाणी घेऊन या.

आयांना ‘लग्न व्हायचंय हिचं’ ही भीती असते. ती खोटी नाही, आपल्याकडे स्थळं मोडतात, माहेर-सासर दोन्हीकडे बोट दाखवतात. पण त्या भीतीपोटी मुलीचं तोंड दाबलं तर ती पुन्हा कधी आईजवळ येत नाही. आणि गावकीत बसून मिटवणं, पैसे घेणं, त्याच्याशीच लग्न लावणं हा मार्गच नाही. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोड होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये खडसावलं आहे.

मदत म्हणजे नेहमी मोठं काही नसतं. एका मुलीची मावशी रोज संध्याकाळी पिठलं-भाकरी घेऊन यायची. बसायची, मटार सोलायची. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मावशीने कधी काही विचारलं नाही, जाताना फक्त ‘उद्या येते गं’ म्हणायची आणि यायची. बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी पोरगी उठून तिच्या शेजारी बसली आणि शेंगा सोलायला लागली. बोलणं त्यानंतर सुरू झालं. मला विचाराल तर त्या घरातलं सगळ्यात मोलाचं काम मावशीने केलं.

काम वाटून घ्या: दवाखान्याच्या तारखा एकाने, वकिलाचे फोन दुसऱ्याने, तिची मुलं शाळेत सोडणं तिसऱ्याने. कुणाला किती सांगायचं ते तिने ठरवायचं. शेजारच्या काकू विचारतील, ‘तब्येत बरी नाही’ एवढं उत्तर पुरे.

मुलं, पुरुष, तृतीयपंथी

अठराच्या आतल्या मुलामुलींना 2012 चा पॉक्सो कायदा लागू होतो, मुलग्यांनाही. इथे पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवणं सक्तीचं आहे, न कळवणं गुन्हा. मुलाला हे खरं सांगा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. पुन्हापुन्हा खोदून विचारू नका. जबाब महिला अधिकारी साध्या वेषात, मुलाच्या घरी घेऊ शकते. 1098 ही मुलांची हेल्पलाइन.

सज्ञान पुरुषांच्या बाबतीत कायदा तोकडा आहे. न्याय संहितेतलं बलात्काराचं कलम फक्त स्त्रीला धरून लिहिलेलं आहे, आणि पुरुषावरच्या लैंगिक जबरदस्तीला लागू होणारं जुन्या दंड संहितेतलं 377 कलम नव्या संहितेत आलंच नाही. मारहाण, डांबून ठेवणं, धमकी अशा इतर कलमांखाली तक्रार होऊ शकते. तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 च्या कायद्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा आहे, कमाल दोनच वर्षांची. हा अन्याय आहे आणि तो बदलायला हवा. पण उपचार, एचआयव्हीची औषधं आणि समुपदेशन या सगळ्यांचा हक्क त्यांनाही पूर्ण आहे. ‘पुरुषावर कसा होईल’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडून उठून दुसऱ्याकडे जा, वेळ घालवू नका.

तुम्ही स्वतः यातून गेला असाल आणि आता दुसरीसोबत उभ्या असाल तर

तुमच्याइतकं तिला कुणीच समजू शकणार नाही, हे खरं. पण नेमक्या याच जवळिकीमुळे दोन चुका होतात.

पहिली: तिचं ऐकताना आपलंच सांगायला लागतो. ‘माझ्यासोबतही झालं होतं’ हे एक वाक्य कधीकधी तिला जगायचं बळ देतं. पण त्यापुढचं सगळं तिने विचारल्याशिवाय सांगू नका. तिला तुमची काळजी घ्यायला लागता कामा नये.

दुसरी, जास्त खोल: आपला मार्ग तिने घ्यावा असं वाटतं. तुम्ही केस लढलात, निकाल लागला, तर तिने तक्रार न करणं तुम्हाला टोचतं. तुम्ही गप्प राहिलात आणि तिने धाडसाने एफआयआर केली, तरी टोचतं, वेगळ्या जागी. हे टोचणं ओळखा आणि ते तुमच्या समुपदेशकाकडे किंवा मैत्रिणीकडे घेऊन जा. तिच्यासमोर नको. पर्याय, परिणाम आणि मुदती स्पष्ट सांगा: गोळ्यांना 72 तास, नमुन्यांना 96, तक्रारीला मर्यादा नाही. मग तिच्या उत्तरामागे उभ्या राहा.

सोबत करायला हो म्हणण्याआधी स्वतःला विचारा, आत्ता माझी झोप कशी आहे? कोर्टाच्या आवारात मला उभं राहवेल का? उत्तर नाही असेल तर दवाखान्यात दुसऱ्या कुणाला पाठवा आणि तुम्ही घरी मुलं सांभाळा, अर्ज भरा, फोन करा. शक्यतो दोघींनी मिळून सोबत करा. स्वतःची जुनी स्वप्नं परत यायला लागली, चिडचिड वाढली, तिचा फोन आला की छातीत धस्स व्हायला लागलं, तर थोडं मागे व्हायची वेळ झाली.

चार-सहा जणींचा आधारगट जमवायचा असेल तर नियम पहिल्याच दिवशी ठरवा. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. नावं, फोटो, आवाजाचे मेसेज ग्रुपवर टाकायचे नाहीत. कुणाचं दुःख मोठं, कुणाचं लहान अशी तुलना नाही. कुणी नुसतं बसून ऐकलं तरी चालेल. घटनेचे बारकावे कुणी सांगू नयेत, त्यानंतर आयुष्यात काय चाललंय ते बोलावं, म्हणजे ऐकणाऱ्या बाकीच्या जणी उसवत नाहीत. आणि कुणी जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी बोलली तर ते गटापुरतं ठेवायचं नाही, हेही सगळ्यांच्या संमतीने आधीच ठरवून ठेवा.

फोन घेण्याच्या वेळा बांधून घ्या आणि तिला स्पष्ट सांगा. रात्री मी उचलू शकत नाही, त्या वेळी 14416 किंवा 181 लाव, हे नंबर आत्ताच सेव्ह कर. ज्या दिवशी तुमच्याने होणार नाही त्या दिवशी खोटी सबब नको. ‘आज मला जमणार नाही, उद्या सकाळी दहाला फोन करते’ असं सांगा आणि दहाला करा.